सारंगखेड्याच्या जत्रेत हरवलेली सरस्वती

लोक काशी-रामेश्वरला जाऊन येतात आणि त्याचं वर्णन लिहितात. मी लोणखेड्याहून सारंगखेड्याला जाऊन आलो. अंतर सहा-सात कोसांचं. पण एवढं अंतर कापायला आम्हा नवरा-बायकोला तीस वर्षं लागली, तेव्हा हा प्रवासही लिहून ठेवायला हरकत नसावी.

ज्यांनी ही जत्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सारंगखेड्याला तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथे जत्रा भरते आणि तिच्यात देवाइतकाच मान घोड्यांना असतो. मारवाडातून, काठेवाडातून, पार पंजाबातून घोडे विकायला येतात. त्यांच्या मागोमाग जिलेबीवाले येतात, बांगडीवाले येतात, तमाशाचे तंबू येतात आणि पाळणे येतात. पाळणे म्हणजे लाकडी पेट्यांचे, उभे फिरणारे, माणसांनी हातांनी ओढून फिरवायचे. आमचं सगळं घोडं त्या पाळण्यापाशी अडलं होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही माझ्या आईबरोबर या जत्रेला गेलो होतो. नव्या नवरीने पाळण्याकडे बोट दाखवलं. आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "पहिलं पोर व्हऊ दे. मंग त्याले मांडीवर लिसनी बस." पोर झालं नाही. आई गेली. दरवर्षी जत्रा यायची, गावातल्या गाड्या जुंपल्या जायच्या, आणि आमच्या घरात त्याच दिवसांत हटकून धान्य निवडायचं काम निघायचं.

यंदा दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी भाकरी थापता थापता आमची मंडळी म्हणाली, "औंदा मी पाळनामा बससू."

"या वयात?" मी म्हणालो.

"मंग कोन्ता वयमा? सासूबाईनी सांगेल वय तं उनंच नही."

म्हणणं खरंच होतं. पण माझ्यापुढे दोन अडचणी होत्या. एक, मी शाळेचा हेडमास्तर. निम्म्या तालुक्याने माझ्या हातची पट्टी खाल्लेली. असा माणूस लोंबकळत्या पेटीत बसलेला लोकांनी पाहिला, तर सोमवारी वर्गात तोंड कसं दाखवायचं? दुसरी अडचण मी कोणाला सांगितलेली नव्हती. मला उंचीची भीती वाटते. एकदा शाळेची कौलं सारखी करायला मी शिडीवर चढलो होतो आणि मला उतरवायला चार माणसं लागली. तेव्हा मी पाय मुरगळल्याचं सांगून वेळ मारून नेली होती.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ज्यांना पोरं आहेत त्यांचं सोपं असतं. "रम्यानी माय" म्हटलं की बायको येते, "रम्याना बाप" म्हटलं की नवरा. आम्हाला ती सोय नव्हती. मी खाकरायचो. एकदा खाकरलं की चहा यायचा, दोनदा खाकरलं की मंडळी स्वतः यायच्या. तीस वर्षं आमचा संसार या खाकरण्यावर चालला आणि बरा चालला. तेव्हा इथेही ती "मंडळी" किंवा "ही" म्हणूनच येईल.

रस्त्यावर

आमच्या गल्लीतले रतिलालभाई केळी आणि कापूस पिकवतात. त्यांना यंदा घोडी घ्यायची होती. "गुरुजी, तुम्ही शिकेल-सवरेल. घोडीना दात देखाले चाला," असं म्हणून त्यांनी आम्हाला आपल्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसवून घेतलं. घोडीच्या दातांबद्दल मला काही कळत नाही. पण कोणी मला सल्ला विचारला की मला नाही म्हणवत नाही. हा माझा जुना दोष आहे.

पहाटेच निघालो. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, मधे मधे ऊस, आणि थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. हिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि मडकं भरून भरीत घेतलं होतं. एका चाकोरीत गाडी कलंडली आणि मडकं माझ्या पांढऱ्या कोटावर उपडं झालं. रतिलालभाईंनी बैल थांबवून आधी विचारलं, "भरीत वाचनं का?" उरलेलं भरीत आम्ही ओढ्याकाठी खाल्लं आणि कोट मी घडी करून मांडीवर ठेवला.

सारंगखेडा, पहिला दिवस

दत्ताच्या रांगेत दोन तास उभे राहिलो. गर्दी इतकी की पाय उचलायचं कारणच नव्हतं, मागचे लोक पुढे नेत होते. देवळाच्या पायरीशी वहाणा काढायला वाकलो तेव्हा माझ्या एका पायात वहाणच नव्हती. देवापुढे ही डोळे मिटून बराच वेळ उभी होती. काय मागितलं, असं मी विचारलं नाही. पहिली काही वर्षं विचारायचो, मग सोडून दिलं.

बाहेर एका फोटोवाल्याने कापडावर विमान रंगवलं होतं. कापडाला भोकं ठेवलेली, त्यातून तोंडं काढायची आणि पुढ्यातल्या लाकडी कठड्यावर हात ठेवायचे.

"पोरांना बोलवा ना काकू, फॅमिली फोटो करू," फोटोवाला म्हणाला.

या प्रश्नाची आम्हाला सवय आहे. मी इकडे-तिकडे पाहायला लागतो. ही मात्र दरवेळी नवं उत्तर देते.

"पोरे शाळामा शेतस," ती म्हणाली.

"किती आहेत?"

"साठ. पहिली ते चवथी."

फोटोवाला काळ्या कापडात शिरला तो बराच वेळ बाहेर आला नाही. फोटो घरी आल्यावर पाहिला. त्यात ही हसते आहे आणि मी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला आहे. विमान जमिनीवर होतं, तरीही.

उन्हं कलली तेव्हा आम्ही गुळात घोळलेली गुडी शेव घेतली आणि पाळण्यासमोर बसून खाल्ली. घरी आधी मी जेवतो, मग ती. इथे एकच कागद, त्यावर दोघांचे हात, आणि कोणी वळून पाहतसुद्धा नव्हतं. हे मला आवडलं. पण हिचं लक्ष शेवेत नव्हतं. पाळण्याच्या दांड्यांवर दोन माणसं माकडासारखी चढत होती, आपल्या वजनाने पेट्या खाली आणत होती, आणि वरून पोरंपोरी किंचाळत होती. वरची पेटी तर देवळाच्या कळसाशी बरोबरी करत होती.

"चाला," ती म्हणाली.

"आता फार गर्दी आहे. उद्या सकाळी मोकळं असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. सबबी सांगणाऱ्या पोराकडे मी वर्गात पाहतो, तसंच. मग कागदाची घडी केली. मला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. त्या रात्री गाडीतळावर झोपलो. थंडी होती, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस

सकाळी रतिलालभाई आम्हाला घोड्यांच्या बाजारात घेऊन गेले. तिथली ऐट बघण्यासारखी असते. घोड्यांना पायांत चाळ, गळ्यात मणी, पाठीवर झुली. एवढा थाट आमच्याकडे लग्नातल्या नवऱ्याचाही नसतो. एका मारवाडी सौदागराकडे तांबूस घोडी होती. तो नुसतं "बिजली" म्हणाला की ती कान टवकारून मान वळवायची.

"देखा, नाव लिधं का लगेच वळस," ही म्हणाली. मला ते फारसं ऐकू आलं नाही, कारण माझं डोकं तोवर बिजलीच्या तोंडाशी होतं.

मी दात मोजत होतो. रतिलालभाई आदराने उभे होते. चार माणसं आणखी जमली. मधे ही काहीतरी म्हणाली आणि मी "हं" म्हणालो. काय म्हणाली ते मला विचारू नका. दात मोजताना मधेच बोललं की मोजणी चुकते. मी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तेवढ्यात बिजलीने माझी टोपी उचलली आणि चावायला लागली. सौदागराने ओढली तेव्हा तिच्यातली अर्धी परत मिळाली.

"दात मजबूत शेतस," रतिलालभाई म्हणाले.

मी हसत मागे वळलो. ही नव्हती.

मी एकदा खाकरलो. मग दोनदा खाकरलो. पण घोड्यांच्या बाजारातली धूळ म्हणजे काय सांगू, अख्खी जत्राच खाकरत होती. एका कनवाळू म्हाताऱ्याने माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. मी "अगं ए" म्हणून पाहिलं, तर दहा-बारा बायकांनी माना वळवल्या आणि त्यांतल्या दोघींनी रागाने पाहिलं. "ऐकलं का?" असं ओरडलो, तर एक पैलवान गडी "काय?" म्हणून पुढे आला.

आजूबाजूला सगळे एकमेकांना हाका मारत होते. "बाळ्यानी माय!" "सुमीना बाप!" त्या हाका गर्दीतून वाट काढत बरोबर ज्याच्या त्याच्याकडे पोचत होत्या. माझ्याजवळ मारायला हाकच नव्हती. बांगडीवाल्यांकडे पाहिलं, भजीवाल्यांकडे पाहिलं, देवळाला वळसा घालून आलो. एवढी वर्षं आम्ही दोघंच आहोत असं मी म्हणायचो. पण मी एकटाच उरलो तर काय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पाळण्यांच्या अंगाला हरवलेल्या पोरांचा तंबू होता. तिथे एक स्वयंसेवक मांडीवर वही आणि हातात भोंग्याचा माइक घेऊन बसला होता.

"मुलगा का मुलगी?" त्याने वर न पाहता विचारलं.

"बायको."

"वय?"

"पन्नाशीला आली."

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. उघडं डोकं, एका पायात वहाण, हातात अर्धी टोपी. "लुगडं कोणत्या रंगाचं?"

मला आठवेना. सकाळपासून ती माझ्याबरोबर होती आणि मला लुगड्याचा रंग सांगता येईना. घोडीचे दात विचारले असते तर सांगितले असते.

"बरं, नाव?"

मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणालो, "सरस्वती. लोणखेड्याची."

भोंगा गरजला: "लोणखेड्याच्या सरस्वतीबाई! असाल तिथून तंबूत या! तुमचे मालक इथे रडत आहेत!"

"मी कुठे रडतोय?"

"असं सांगितलं की लवकर येतात," तो म्हणाला.

आणि खरंच आल्या. एकामागून एक तीन सरस्वत्या आल्या. पहिली प्रकाशा गावची, दुसरी दोंडाईच्याची. भोंग्यातलं लोणखेडा त्यांना ऐकूच आलं नव्हतं, आपलं नाव तेवढं ऐकू आलं होतं. तिसरी काठी टेकत आलेली म्हातारी होती. ती मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "मन्हा मालक तं कधीनाच मरी गया. म्हनलं देखूत तरी, कोन रडी ऱ्हायना."

माझी सरस्वती मात्र आली नाही. पुन्हा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. स्वयंसेवकाने माइकवर हात ठेवला. "काका, घरी त्यांना याच नावाने हाक मारतात ना?"

"नाही."

"मग या नावाने हाक कोण मारतं?"

मी विचार केला. कोणीच नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर मी बोटाने ते नाव लिहिलं होतं आणि नंतर ते कोणाच्या तोंडी आलंच नाही. शेजारीण "मास्तरीन" म्हणायची, आई "नवरी" म्हणायची आणि मी खाकरायचो. ते नाव त्या ताटातच राहून गेलं.

तिचं माहेरचं नाव भिकी. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी देवाकडे भीक मागून मिळालेली पोर तीच म्हणून हे नाव ठेवलं. मी तेव्हा नवा नवा मास्तर. मास्तराची बायको भिकी? मला ते सहन होईना. म्हणून मी हट्टाने सरस्वती केलं. निरोपाच्या वेळी गाडी सुटल्यावर तिचा बाप मागून "भिकी वं!" म्हणून ओरडला, तेव्हा ती इतक्या झटक्यात वळली की गाडीतून पडता पडता वाचली. ते मला आता आठवलं.

तंबूपुढे गर्दी जमली होती. त्यात माझे दोन जुने विद्यार्थी होते. एक तर आता तलाठी झालेला. "काय झालं गुरुजी?" असं ते आदराने विचारत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, अर्ध्या टोपीकडे पाहिलं आणि माइक स्वतःच्या हातात घेतला.

"भिकी!" मी म्हणालो. भोंग्यातून तो आवाज तापीच्या पलीकडे गेला असावा. "भिकी वं! कोठे शे तू? मी आठे शे!"

वर्गात अहिराणी बोलणाऱ्या पोरांना मी पट्टी मारत आलो आहे. तलाठ्याने तळहात चोळल्याचं मला दिसलं. पण मी थांबलो नाही. "भिकी! ये ना वं!"

"माय वं! मी आठे शे! वर!"

सगळ्या जत्रेने वर पाहिलं. पाळण्याच्या सगळ्यात उंच पेटीत, खालच्या पेट्या भरायची वाट पाहत, ही एकटी बसली होती आणि पदर हलवत होती. लुगडं हिरवं होतं.

पाळण्याची फेरी होऊन ती खाली येईपर्यंत मी तिथेच उभा होतो. ती खाली आली आणि मला पाहून म्हणाली, "टोपी कोठे गयी?"

"घोडीने खाल्ली. तू न सांगता कशी गेलीस?"

"सांगीसनी गयी व्हती. तुम्ही हं म्हनेत."

"आणि इतका वेळ भोंग्यावर तुला पुकारतोय ते?"

"माले कोठे?" ती म्हणाली. "कोनी तरी सरस्वतीले हाका मारी ऱ्हाइंतात. माले तिन्ही इतली कीव उनी. म्हनलं कोन बिचारी हरपी गयी, आनि तिन्हा मालक रडी ऱ्हायना."

मी अर्धी टोपी झटकायला लागलो. बोलायला गेलो असतो तर त्या स्वयंसेवकाचं म्हणणं खरं ठरलं असतं.

"चाला आते," ती म्हणाली. "एकलीनी काही मजा उनी नही."

पाळणेवाल्याने पेटी धरली आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "आजी, पोरगं कुठाय? त्याला मधे बसवा."

हिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हाई काय, आठे शेतस. उंचीले घाबरतस, नीट बसाडा."

म्हणजे तिला माहीत होतं. मुरगळलेल्या पायाची गोष्टही तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. पाळणेवाल्याने मला खरोखर दंडाला धरून बसवलं आणि पुढचा दांडा अडकवला. जुने विद्यार्थी खाली उभे राहून पाहत होते. मी डोळे मिटून घेतले.

पाळणा वर निघाला. पोट खाली राहिलं आणि बाकीचा मी वर गेलो. ही शेजारून सगळं सांगत होती: तापीचं पाणी दिसतं, गाडीतळ दिसतो, रतिलालभाई अजून सौदागराशी भांडताहेत, आणि ती बिजली. तीस वर्षांत तिला एका दमात इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. सगळ्यात वर पेटी थांबली आणि झुलायला लागली.

"डोळा उघडा," ती म्हणाली.

मी उघडले. खाली पाहायची छाती झाली नाही, म्हणून तिच्याकडे पाहिलं. वाऱ्याने तिच्या डोक्यावरचा पदर उडाला होता आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. हे मी तिला तीस वर्षं उशिरा दिलं, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

"मघाशी भोंगामा काय म्हनेत? परत म्हना."

मी तोंड उघडलं. पण सवय जाते कुठे? मी नुसता खाकरलो.

"खाकरू नका," ती म्हणाली. "आते माले नाव शे."

लोणखेडा

रतिलालभाईंनी शेवटी बिजली घेतली. परत येताना ती गाडीच्या मागे बांधलेली होती आणि माझ्या नव्या टोपीवर तिची नजर होती. मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसलो.

सोमवारी मी शाळेत गेलो. पोरांना सगळं कळलेलं होतं. पहिल्या तासाला एकाने अहिराणीत उत्तर दिलं आणि हात पुढे केला. मी त्याला खाली बसायला सांगितलं.

आता संध्याकाळी घरी येताना मी ओट्यावरूनच हाक मारतो, "भिकी!" शेजारणी तोंडाला पदर लावतात. आतून आवाज येतो, "ऐकू नही उनं." तिला पहिल्याच हाकेला ऐकू आलेलं असतं, हे मला माहीत आहे. मी वहाणा काढतो, टोपी खुंटीला लावतो आणि पुन्हा हाक मारतो.